डेटा जागेवर, पत्ता बेपत्ता

आभासी संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एकच भलीमोठी फाइल. एखाद्या कार्यालयाचे हिशेब, पत्रव्यवहार, ग्राहकांच्या नोंदी, सगळं तिच्या पोटात. अचानक वीज गेली किंवा कॉपी अर्धवट राहिली की ही फाइल उघडेनाशी होते. ‘फाइल करप्ट आहे’ असा संदेश आला की सगळं बुडालं असं वाटतं. पण बऱ्याचदा आतली माहिती जशीच्या तशी असते. हरवलेला असतो तिचा पत्ता.

यातला जुना आणि सर्रास आढळणारा प्रकार व्हीएचडी. तो कनेक्टिक्स कंपनीचा. २००३ मध्ये तिचं हे तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. फाइलच्या शेवटी ५१२ बाइटांचा फूटर असतो. त्यात डिस्कचा आकार, प्रकार आणि चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, नोंदलेला असतो. गरजेप्रमाणे वाढणाऱ्या, म्हणजे डायनॅमिक डिस्कमध्ये याच फूटरची प्रत सुरुवातीलाही ठेवलेली असते. त्यामुळे फाइलचं शेपूट तुटलं, तर डोक्याकडची प्रत शेवटी चिकटवून काम भागतं.

खरी गोम पुढे आहे. डायनॅमिक डिस्क लिहायची वेळ येईल तसे साधारण २ एमबीचे ब्लॉक जोडत जाते. त्यामुळे ब्लॉकचा फाइलमधला क्रम वेगळा आणि डिस्कवरचा वेगळा. कोणता ब्लॉक कुठे आहे, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक नोंद ४ बाइटांची. १०० जीबीच्या डिस्कसाठी नोंदी ५१,२००, म्हणजे तक्ता जेमतेम २०० केबीचा. छोट्याशा फूटरची प्रत ठेवणाऱ्या या रचनेत तक्त्याची दुसरी प्रत मात्र कुठेच नाही!

तक्ता गेला की अवस्था सुट्या पानांच्या पोथीसारखी होते: पानं सगळी आहेत, पण वाऱ्याने विस्कटलेली. सुदैवाने काही पानांवर क्रमांक असतात. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत प्रत्येक फाइलची साधारण १,०२४ बाइटांची नोंद असते. ती इंग्रजी ‘फाइल’ या चार अक्षरांनी सुरू होते आणि एक्सपीच्या काळापासून तिच्यात तिचा स्वतःचा क्रमांकही असतो. असे क्रमांक सापडले की त्या ब्लॉकची मूळ जागा काढता येते.

जिथे क्रमांक नाहीत, तिथे मजकुरावरून ओळख पटवायची. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ एफएफ या ठरावीक बाइटांनी होते. फोटोरेकसारखी साधनं अशाच खुणा शोधतात. मात्र फाइलचं नाव सहसा मिळत नाही आणि तुकडे विखुरलेले असतील तर फोटो अर्धाच उघडतो.

विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या व्हीएचडीएक्स या नव्या प्रकारात हेडर दोन आहेत आणि तक्त्यातला बदल आधी लॉगमध्ये टिपला जातो. त्यामुळे वीज गेल्याचा फटका कमी बसतो. पण ज्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, ते कोणत्याही प्रकारात परत येत नाही. म्हणून आधी बिघडलेल्या फाइलची प्रत काढावी, ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि सगळे प्रयोग प्रतीवरच करावेत. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्कसुद्धा दुरुस्तीच्या नावाखाली मूळ फाइलवर लिहून ठेवू शकतं.

आणखी एक, जुना बॅकअप शिळा म्हणून टाकू नका. व्हीएचडीमध्ये एकदा जागा मिळालेला ब्लॉक, डिस्क कॉम्पॅक्ट केली नाही तर, हलत नाही. त्याच फाइलची सहा महिन्यांपूर्वीची प्रत असेल, तर तिच्यातला तक्ता आजच्या फाइलमधल्या जुन्या ब्लॉकांचे पत्ते बिनचूक सांगतो. शोधायचे राहतात फक्त नवे.