पाच नावांचा वाद

अमेरिकेच्या मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत केशकर्तनालय हे केवळ केस कापण्याचे ठिकाण नसते; ती त्या वस्तीची चावडी असते. राजकारण, खेळ आणि शेजाऱ्यांची उणीदुणी यांच्याबरोबरच तेथे एक प्रश्न गेली कित्येक वर्षे अखंड चघळला जात आहे : आजवरच्या रॅप गायकांत सर्वश्रेष्ठ पाच कोण? अभिनेता ख्रिस रॉक याने २०१४ साली काढलेल्या एका चित्रपटाला ‘टॉप फाइव्ह’ हेच नाव दिले आणि त्यातील पात्रांना एकामागून एक हाच प्रश्न विचारला. ज्याला उत्तर देता आले नाही असे पात्र त्यात शोधून सापडणार नाही. २०२३ साली हिप-हॉपला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ‘बिलबोर्ड’ आणि ‘व्हाइब’ या नियतकालिकांनी मिळून पन्नास श्रेष्ठ रॅपरांची यादी प्रसिद्ध केली. तीत पहिले स्थान जे-झी, दुसरे केंड्रिक लमार आणि तिसरे नास यांना मिळाले. यादीने वाद मिटणे दूरच राहिले, त्याला नवे इंधन मिळाले.

हा वाद पोरकट आहे असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. कलेची शर्यत लावता येत नाही आणि कवींना धावपटूंप्रमाणे क्रमांक देता येत नाहीत, हे कोणीही मान्य करील. परंतु या वादामागे क्रमांकाहून मोठे असे काही दडलेले आहे. ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न विचारणारा माणूस नकळत आणखी एक विधान करीत असतो : ज्याविषयी आपण बोलत आहोत ती एक कला आहे, तिला कसब लागते, आणि त्या कसबाचे बरेवाईट ठरविता येते. जी निर्मिती विद्यापीठांनी, समीक्षकांनी आणि पारितोषिक समित्यांनी दीर्घकाळ गोंगाट म्हणून उपेक्षिली, तिची समीक्षा प्रथम तिच्या श्रोत्यांनीच केली. न्हाव्याच्या खुर्चीवरचा वाद हे त्या समीक्षेचे मूळ रूप होय.

या कलेचा जन्मदिवस सांगता येतो, ही तिच्याबाबत विशेष गोष्ट. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेण्यास चार पैसे जमावेत म्हणून नृत्याचा एक कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याच्याकडे होते. जमैकाहून आलेल्या या कुटुंबातील हा मुलगा पुढे ‘कूल हर्क’ म्हणून ओळखला गेला. गाण्यातील ज्या तुकड्यात केवळ ताल उरतो तेथे नाचणारे अधिक रंगात येतात हे त्याने हेरले होते, आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवीत नेई. त्या तालावर ध्वनिक्षेपकातून जमावाला उद्देशून टाकलेले चटकदार बोल हे रॅपचे बीज. ज्या वस्तीत शाळांतील संगीताचे वर्ग ओस पडले होते आणि जळालेल्या इमारतींच्या रांगा उभ्या होत्या, तेथील मुलांनी दुसऱ्यांच्या जुन्या तबकड्या आणि स्वतःची जीभ एवढ्याच भांडवलावर ही कला उभी केली.

निकष कोणते?

श्रेष्ठत्वाचे निकष कोणी बसून लिहून ठेवले नाहीत. ते प्रसंगाप्रसंगाने घडत गेले. १९७९ साली ‘शुगरहिल गँग’ची तबकडी गाजली आणि रॅप प्रथमच देशभर पोहोचला. परंतु तिच्यातील एका गायकाने म्हटलेल्या कित्येक ओळी मुळात ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या वहीतल्या होत्या, आणि कॅझला ना श्रेय मिळाले ना मोबदला. ‘आपले शब्द आपणच लिहावेत’ हा दंडक या समाजात इतका कडक का, याचे उत्तर या आरंभीच्या अन्यायात सापडते. २०१५ साली मीक मिल या रॅपरने ड्रेक दुसऱ्याकडून शब्द लिहून घेतो असा जाहीर आरोप केला, तेव्हा चित्रपटगीतांच्या जगात सहज खपून गेली असती अशी ही गोष्ट येथे मोठ्या बदनामीचे कारण ठरली. ‘बिलबोर्ड’च्या शंभर लोकप्रिय गीतांच्या तक्त्यावर सर्वाधिक गाणी झळकविण्याचा विक्रम ड्रेकच्या नावावर आहे, तरीही त्याला पाचांत घ्यावयाचे की नाही, याविषयी आजही हुज्जत चालते.

दुसरा निकष ठरला तो १९८१ च्या डिसेंबरात, हार्लेममधील एका मुकाबल्यात. बिझी बी हा जमावाला हसविण्यात आणि टाळ्या घेण्यात पटाईत होता. त्याच्यासमोर कूल मो डी उभा राहिला आणि त्याने घट्ट विणलेल्या, सरळ प्रतिस्पर्ध्यावर रोखलेल्या ओळींनी त्याला निरुत्तर केले. समारंभाचा सूत्रधार मागे पडून शब्दांचा कारागीर पुढे आला, तो क्षण हा. त्याच कारागिरीला १९८७ च्या ‘पेड इन फुल’ या संग्रहात रकीमने नवे वळण दिले. तोवर यमक ओळीच्या अखेरीस येई. रकीमने ते ओळीच्या पोटात, अनेक अक्षरांच्या जुळणीतून पेरले आणि वाक्य तालाच्या पुढे-मागे खेळविले. आवाज न चढविता त्याने हे साधले. त्याच्या तबकड्यांचा खप पुढच्या पिढीच्या तुलनेत अल्पच. परंतु ज्यांचा खप अफाट झाला त्यांच्या घडणीत रकीमचा अभ्यास आहे. जाणते श्रोते त्याचे नाव सोडीत नाहीत ते यामुळेच. एकोणविसाव्या-विसाव्या वर्षी लिहिलेल्या ओळींच्या बळावर १९९४ च्या ‘इलमॅटिक’ या पहिल्याच संग्रहात क्वीन्सब्रिजच्या वसाहतीचे चित्र उभे करणारा नास हा त्याच परंपरेतला.

खप, कारागिरी, प्रभाव आणि टिकाऊपणा असे चार तराजू अशा रीतीने तयार झाले. अडचण अशी, की प्रत्येक तराजूत वेगळा गायक जड ठरतो. वाद कधीच संपत नाही याचे कारण माहितीचा अभाव हे नव्हे. वाद घालणारे एकाच शब्दाने चार वेगवेगळ्या गोष्टी मोजीत असतात, हे आहे.

मृत्यूचे पारडे

या चार तराजूंखेरीज एक पाचवे पारडे आहे आणि ते अस्वस्थ करणारे आहे. टुपाक शकूर याच्यावर लास व्हेगासमध्ये गोळ्या झाडण्यात आल्या आणि १३ सप्टेंबर १९९६ रोजी तो मरण पावला. त्याचे वय पंचवीस होते. त्याचा प्रतिस्पर्धी मानला गेलेला नटोरियस बी.आय.जी. ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मारला गेला. तो चोवीस वर्षांचा होता, आणि त्याचा दुसरा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर सोळा दिवसांनी बाहेर आला. पूर्व किनारा श्रेष्ठ की पश्चिम, हा वाद त्या काळी मासिकांच्या मुखपृष्ठांनी आणि ध्वनिमुद्रण संस्थांनी चवीने पेटविला होता. टुपाकच्या हत्येबद्दल पहिली अटक झाली ती २०२३ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. हे दोघे जवळजवळ प्रत्येक यादीत असतात. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. परंतु त्यांना कधी उतरती कळा लागली नाही, एखादा फसलेला संग्रह त्यांनी वयाच्या पन्नाशीत काढला नाही, हेही त्यांच्या बाजूने उभे राहते. जे जगले त्यांना आपल्याच तारुण्याशी स्पर्धा करावी लागते. तरुणपणी गेलेल्याला अमरत्व बहाल करणारी रसिकता त्या मृत्यूंकडे कारागिरीचा भाग म्हणून पाहू लागली, की ती निष्ठुर होते.

याद्यांतून कोण गळते हेही पाहण्याजोगे आहे. लॉरीन हिलचा १९९८ चा एकल संग्रह हा वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी मिळविणारा पहिला हिप-हॉप संग्रह ठरला. मिसी एलियट २०२३ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचली, हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री रॅपर. तरी ‘पाच’ मोजताना स्त्रियांची नावे बहुधा सहाव्या बोटावर येतात, किंवा ‘स्त्रियांतील श्रेष्ठ’ अशी वेगळी पंगत मांडली जाते. दक्षिणेकडील गायकांचीही दीर्घकाळ हीच गत होती. १९९५ च्या ‘सोर्स’ पुरस्कार समारंभात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ला न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी हुर्यो केली, तेव्हा दक्षिणेलाही काही सांगावयाचे आहे असे आंद्रे थ्री थाउजंडने व्यासपीठावरून बजावले. पुढे २००४ मध्ये याच जोडीला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी मिळाले. दुय्यम लेखले गेलेल्यांनी उभारलेल्या कलेतही दुय्यम लेखण्याची सवय कशी शिरते, याचे हे उदाहरण होय.

कला की कबुलीजबाब?

चाहत्यांचा सर्वांत लाडका निकष मात्र अजून राहिलाच : अस्सलपणा. रॅपर जे म्हणतो ते त्याने भोगलेले, केलेले असावे, अशी अपेक्षा असते. कादंबरीकाराने खून केलेला असावा अशी मागणी कोणी करीत नाही. रॅपरकडून मात्र ती जवळजवळ केली जाते. या मागणीची किंमत केवळ यादीतील क्रमांकात मोजावी लागत नाही. अमेरिकेतील सरकारी वकिलांनी अनेक खटल्यांत आरोपीच्या गीतांच्या ओळी पुरावा म्हणून ज्युरीसमोर ठेवल्या आहेत. अटलांटात यंग थग या रॅपरवर टोळीबाजीच्या कायद्याखाली भरलेल्या खटल्यात २०२३ च्या नोव्हेंबरात न्यायाधीशांनी त्याच्या गीतांतील ओळी पुराव्यात घेण्यास सशर्त मुभा दिली. २०२४ च्या ऑक्टोबरात, काही आरोप मान्य करून व काहींना विरोध न करता, तो परिवीक्षेवर सुटला. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ तो कोठडीत होता. कॅलिफोर्नियाने २०२२ सालीच असा कायदा केला की, कलाकृतीतील मजकूर पुराव्यात घेण्यापूर्वी तो पूर्वग्रह तर निर्माण करणार नाही ना, हे न्यायालयाने तपासावे.

याच्या उलट टोकाचा एक निकालही पाहण्यासारखा आहे. २०२४ च्या वसंतात केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यात गीतांची लढाई जुंपली. २०१८ साली ज्याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले त्या लमारने ती, बहुतेकांच्या मते, जिंकली. त्याच्या विजयगीताला २०२५ च्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाली. ड्रेकने आपल्याच ध्वनिमुद्रण संस्थेविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. अशा शाब्दिक द्वंद्वातील अतिशयोक्ती सुज्ञ श्रोता वस्तुस्थितीचे कथन म्हणून घेत नाही, हा त्या निकालाचा गाभा. कोट्यधीशांच्या भांडणात जो विवेक न्यायालयाला सुचला, तो गल्लीतल्या अनामिक मुलाच्या वहीविषयीही सुचला पाहिजे. आणि चाहत्यांनीही हे ध्यानी घ्यावे, की ‘तो जे गातो ते सगळे खरे आहे’ असे कौतुकाने म्हणणारा रसिक आणि तेच वाक्य ज्युरीसमोर उच्चारणारा वकील यांच्यातील अंतर फारसे नाही.

या वादाशी महाराष्ट्राचेही थोडे नाते जुळले आहे. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी २०१५ च्या ‘मेरे गली में’ या गाण्याने मुंबईच्या गल्ल्यांना रॅपमध्ये आवाज दिला. त्यांच्या आयुष्यावरून स्फूर्ती घेऊन झोया अख्तर यांनी काढलेल्या, धारावीत घडणाऱ्या २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाच्या निर्मात्यांच्या नामावळीत नासचेही नाव आहे. क्वीन्सब्रिजच्या वसाहतीतला मुलगा आणि धारावीतला मुलगा यांची भेट ही अशी झाली. शब्दांच्या मुकाबल्याची रीतही येथे परकी नाही. शक्ती श्रेष्ठ की शिव यावरून कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र-रात्र सवाल-जवाब करीत, आणि उजाडले तरी निकाल लागत नसे. पुढच्या जत्रेला लोक पुन्हा जमत ते निकालासाठी नव्हे, तर नव्या कवनांसाठी.

श्रेष्ठ पाच कोण, या प्रश्नाचेही तसेच आहे. त्याचे शेवटचे उत्तर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी ही कला संग्रहालयात जमा झालेली असेल. वाद चालावा, मात्र तो ओळींविषयी चालावा, रक्ताविषयी नव्हे. ज्या समाजाच्या बोलण्याला दीर्घकाळ पुरावा म्हणून किंमत होती आणि काव्य म्हणून नव्हती, त्या समाजाने आपल्या कवींची पारख करण्याचा हक्क कोणाच्या परवानगीवाचून बजावला, हे या अखंड हुज्जतीचे खरे श्रेय आहे. न्हाव्याची कात्री चालू असते, खुर्चीतला माणूस पाचवे नाव घेतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हरकत घेते. कला जिवंत असल्याची याहून भक्कम साक्ष कोणत्याही पारितोषिक समितीला देता आलेली नाही.