छतामागे कोंडणारी उष्णता

भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या नाहूर परिसरात जुन्या कारखान्यांच्या जागांवर उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या असून, त्यांतील घरांत जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले डाऊनलाइट नित्याचे झाले आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून स्लॅब व सीलिंग यांमधील पोकळीत ग्लासवूल किंवा थर्माकोल घालण्याचा पर्याय पुढे येतो. परंतु हे उष्णतारोधक पदार्थ वरची उष्णता जशी अडवतात, तशीच दिव्याच्या पाठीमागून निघणारीही अडवतात.

एलईडी दिवा थंड असतो, हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसले, तरी विजेचा साधारणपणे निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत बदलतो आणि ती पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवाटे पोकळीतील हवेत जावी लागते. शेजारीच ठेवलेला ड्रायव्हर, म्हणजे घरातील एसी वीज दिव्यासाठी डीसीत बदलणारी छोटी पेटी, याहून नाजूक असतो, कारण तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. (दिवा लुकलुकू लागला की दोष मात्र बहुधा दिव्यालाच दिला जातो.) 50 वॉटचे जुने हॅलोजन कुठे शिल्लक असतील, तर धोका निराळ्याच पातळीचा आहे, कारण त्यांतील डायक्रोइक परावर्तक प्रकाश खाली पाठवून अवरक्त उष्णता मुद्दाम मागे जाऊ देतो.

ग्लासवूलमधील काच जळत नाही. थर्माकोल मात्र सुमारे 100 अंशांच्या आतच मऊ पडतो आणि पेटही घेतो. शिवाय त्याला टेकलेल्या वायरीच्या पीव्हीसी आवरणाला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये झिरपते व आवरण ठिसूळ होते.

अमेरिकेची विद्युत संहिता सीलिंगमध्ये बसवलेल्या साध्या दिव्यांभोवती 3 इंच, म्हणजे सुमारे 75 मिलिमीटर, मोकळी जागा मागते आणि झाकले तरी चालणारे दिवे वेगळे प्रमाणित करते. भारतात दिव्यांसाठी आयएस 10322 हे मानक असले, तरी झाकण्याची परवानगी उत्पादकाने स्पष्ट दिलेली नसेल, तर ती नाही असेच धरावे. वस्तुतः मुंबईच्या सपाट गच्चीला उष्णतारोधनाची योग्य जागा स्लॅबच्या वरच आहे: ब्रिकबॅट कोब्यावरील पांढरे चायना मोझाइक किंवा परावर्तक रंग ऊन स्लॅबपर्यंत पोहोचण्याआधीच बरेचसे परतवतो, आणि सीलिंगमागची पोकळी दिव्यांसाठी मोकळी राहते.