उत्तरेचा पाणमुलूख आणि ब्रँट हंसाचे वर्ष

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर वर्षभरात पडणारा पाऊस आणि तेथे वितळणाऱ्या हिमाचे पाणी ही दोन्ही एकत्र मोजली, तरी त्यांची बेरीज आपल्या जैसलमेरच्या पर्जन्यमानापर्यंत पोहोचत नाही. आणि असे असूनही, जुलै महिन्यात त्या प्रदेशावरून विमानाने जाणाऱ्यास खाली जमिनीपेक्षा पाणीच अधिक दिसते. या चमत्काराचे कारण भूमीच्या पोटात आहे. वीत-दोन वितींच्या थराखाली तेथील माती शेकडो हात खोलपर्यंत बाराही महिने गोठलेली असते, त्यामुळे वर वितळलेल्या पाण्याला खाली मुरण्यास वाट मिळत नाही, आणि ते सहस्रावधी उथळ तळ्यांच्या रूपाने जेथल्या तेथे तुंबून राहते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सूर्य मावळत नाही. तळ्यांकाठी लव्हाळी माजतात, पाण्यावर डासांचे व चिलटांचे थवे उठतात, आणि या अल्पायुषी समृद्धीवर आपली पिले वाढवून घेण्यासाठी जगाच्या निरनिराळ्या खंडांतून पक्षी तेथे लोटतात.

अशा अफाट प्रदेशाविषयी आपला एक समज असतो, की इतके पाणी आणि इतकी ओसाडी असता पक्ष्याला एक जागा मोडली तरी दुसरी सापडेल. हा समज किती भ्रामक आहे हे पाहावयाचे तर प्रशांत महासागराच्या काठाने ये-जा करणाऱ्या काळ्या ब्रँट हंसाचे एक वर्ष तपासावे. दीड किलोच्या आतबाहेर वजनाचा, काळ्या मानेभोवती पांढरी पट्टी मिरवणारा हा लहानखुरा हंस. त्याच्या वर्षाचे तीन मोठे टप्पे अलास्कात तीन जागी पडतात, आणि त्या तिन्ही जागा नकाशावर बोटाने झाकता येतील एवढ्याच आहेत.

पहिली जागा युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखांमधला त्रिभुज प्रदेश. भरतीचे पाणी जेथवर चढते त्या सपाट गवताळ पट्टीत ब्रँट मोठ्या वसाहती करून घरटी घालतात. समुद्राला उधाण आले की घरटी वाहून जातात, आणि ध्रुवीय कोल्हे शिरले की एका हंगामाची अंडी फस्त होतात. सरकारदरबारी या प्रदेशाचे नशीब मोठे विचित्र. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढून तो पक्ष्यांसाठी राखून ठेवला. १९२२ साली, हार्डिंग यांच्या अमदानीत, तो हुकूम रद्द झाला. आणि याच हार्डिंगसाहेबांनी पुढच्या वर्षी, म्हणजे १९२३ साली, उत्तर किनाऱ्यावरचा सुमारे २ कोटी ३० लक्ष एकरांचा टापू नौदलाच्या तेलासाठी राखीव म्हणून जाहीर केला. एका लेखणीने पक्ष्यांचे राखीव मोडावे, तिनेच तेलाचे राखीव मांडावे, आणि पुढे त्या तेलाच्या राखिवातच पक्ष्यांचा एक मोठा आसरा आहे असे निष्पन्न व्हावे, यातला उपरोध दप्तरातील कागदांना अर्थातच कळत नाही.

त्रिभुज प्रदेशाला आजचे विस्तीर्ण अभयारण्याचे रूप १९८० च्या कायद्याने लाभले. परंतु कायदा झाला म्हणून हंस वाढले नाहीत. त्या सुमारास चार जातींच्या हंसांची संख्या चिंताजनक वेगाने घसरत होती. त्यांतला कॅकलिंग हंस तर लाखोंच्या घरातून पंचवीस हजारांच्या आसपास उतरला होता. दोष कोणाचा, यावर दोन पक्ष होते. दक्षिणेस कॅलिफोर्नियातले शिकारी म्हणत, की उत्तरेचे युपिक लोक वसंतात अंडी उचलतात आणि विणीचे पक्षी मारतात. युपिक म्हणत, की हिवाळ्यात तुमच्या भातखाचरांत जी कत्तल होते तिचा हिशेब कोण देणार?

या भांडणाचे मूळ जुन्या तहात होते. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यामध्ये स्थलांतरी पक्ष्यांविषयी जो तह झाला, त्याने १० मार्चपासून १ सप्टेंबरपर्यंत शिकारीस मनाई केली. अमेरिकेच्या मध्य भागातल्या हौशी शिकाऱ्याच्या दृष्टीने ही मुदत रास्त होती, कारण त्याचा हंगाम शरदातला; पण ध्रुववृत्तापलीकडच्या माणसाला सप्टेंबरात आकाश रिकामे दिसते, आणि हिवाळ्याचा साठा संपत आलेला असताना मे महिन्यात जे बदक डोक्यावरून जाते तेच त्याचे अन्न असते. बॅरो (आजचे उत्किआग्विक) या गावी १९६१ साली वन्यजीव खात्याच्या अंमलदाराने हंगामाबाहेर आयडर बदक मारल्याबद्दल गावच्या एका लोकप्रतिनिधीस अटक केली, तेव्हा गावातली १३८ माणसे प्रत्येकी एकेक बदक हाती घेऊन, आपणही हाच गुन्हा केला आहे अशा सहीच्या जबान्यांसह अंमलदारापुढे उभी राहिली. दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलणाऱ्यांच्या देशात या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. खटले पुढे बारगळले. तहात दुरुस्ती होण्यास मात्र १९९७ साल उजाडावे लागले.

त्रिभुज प्रदेशातली तड याहून लवकर लागली. १९८४ साली हूपर बे या गावाच्या नावाने युपिक वस्त्या, कॅलिफोर्नियाचे शिकारी आणि दोन्हीकडची सरकारी खाती यांच्यात करार झाला; उत्तरेने अंडी आणि विणीचे पक्षी यांना हात लावायचा नाही, दक्षिणेने बंदुका आवरायच्या. कॅकलिंग हंस त्यानंतर सावरला. आमच्या मते उत्तरेच्या पक्षिरक्षणाच्या इतिहासात हा करार कोणत्याही अभयारण्याच्या घोषणेहून मोठा आहे, कारण त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला आरोपी न मानता पक्षकार मानण्याची बुद्धी त्यात दिसली.

ज्या ब्रँट जोडप्यांची घरटी बुडतात किंवा लुटली जातात, त्यांतली बरीच उरलेला उन्हाळा त्रिभुज प्रदेशात काढीत नाहीत. ती आणखी उत्तरेस, तेलाच्या त्या राखिवात असलेल्या टेशेकपुक सरोवराकडे जातात. सुमारे ८३० चौरस किलोमीटरचे हे सरोवर आणि त्याच्या उत्तरेची तळी ही ब्रँटच्या वर्षातली दुसरी जागा. हंसाच्या पंखांतली मोठी पिसे एकेक करून न गळता एकदमच गळतात, आणि नवी फुटेपर्यंत, म्हणजे जुलैतले तीनेक आठवडे, त्याला उडता येत नाही. एरवी हजारो कोस तोडणारा हा प्राणी त्या दिवसांत कोंबडीहूनही पंगू असतो. त्याला चार गोष्टी एकाच ठिकाणी लागतात: कोल्हा दुरून दिसेल असे मोकळे मैदान, त्याला पाहताच शिरता येईल असे रुंद पाणी, पाण्याच्या कडेलाच कोवळे गवत, आणि शांतता. अलास्का, कॅनडा आणि रशिया या तीन देशांतून ब्रँट येथे पिसे टाकण्यास येतात, आणि प्रशांत किनाऱ्याच्या ब्रँटांपैकी कित्येक वर्षी तीस टक्क्यांपर्यंत पक्षी याच तळ्यांवर आढळतात. हेलिकॉप्टर नुसते जवळून गेले तरी थवा चरणे सोडून धावत सुटतो. एका वेळेला याचे काही वाटत नाही, पण नवी पिसे उगवण्यास लागणारी चरबी अशा धावपळीत खर्ची पडते.

१९७६ च्या कायद्याने हे राखीव नौदलाकडून अंतर्गत खात्याकडे आले, आणि टेशेकपुकला विशेष संरक्षण द्यावे असे त्या कायद्यातच लिहिले गेले. तेल शोधण्याची मुभाही अर्थात राहिलीच. तेव्हापासून या सरोवराची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. २००६ साली संघीय न्यायालयाने तेथल्या भाडेपट्ट्यांचा लिलाव रोखला, २०१३ च्या आराखड्याने सरोवराभोवतीचा मोठा भाग वगळला, २०२० मध्ये तो खुला झाला, २०२२ मध्ये पुन्हा मिटला, आणि २०२५ च्या कायद्याने त्या राखिवातले लिलाव पुन्हा सक्तीचे केले. राजवट बदलते तसे धोरण बदलावे हे लोकशाहीत क्रमप्राप्त असेल. पण तीन आठवडे जमिनीला खिळलेल्या पक्ष्याला धोरणाच्या या हेलकाव्यांतून उडून जाण्याची सोय नाही. त्यातच समुद्रही थांबलेला नाही. गोठलेली माती सैल होत असल्याने या किनाऱ्याची काही ठिकाणी वर्षाला १५ मीटरहून अधिक झीज होते; खारे पाणी आत शिरून जेथे खारफुटे गवत उगवले तेथे ब्रँट आतल्या तळ्यांवरून सरकू लागले आहेत, म्हणजे जुन्या नकाशांवर आखलेल्या संरक्षित सीमांच्या पलीकडे त्यांचा मुक्काम जाण्याचा संभव आहे.

तिसरी जागा अलास्का द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेले इझेम्बेक हे उथळ खाजण. लित्के नावाच्या रशियन दर्यावर्द्याने आपल्या मोहिमेतल्या एका जहाजाच्या शल्यवैद्याचे नाव त्याला दिले. भरती-ओहोटीच्या या पाण्याखाली सागरी गवताची जी कुरणे आहेत, ती जगातल्या सर्वांत मोठ्या कुरणांत मोडतात, आणि शरद ऋतूत प्रशांत किनाऱ्याचे जवळजवळ सर्वच ब्रँट, सुमारे दीड लाख पक्षी, त्यांवर पोट भरण्यास जमतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळाचा दक्षिणवाही वारा पाठीशी घेऊन ते एकाच रात्रीत उठतात, आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतचे सुमारे ५,००० किलोमीटर अंतर दोन-तीन दिवसांत, कोठेही न उतरता काटतात. या प्रवासात देहाचा जवळजवळ तिसरा हिस्सा झिजतो. हिवाळे सौम्य होत चालल्याने अलीकडे हजारो ब्रँट दक्षिणेला न जाता इझेम्बेकलाच राहतात. १९६० साली हे खाजण संरक्षित झाले, १९८६ साली ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, आणि तरी त्याच्या शेजारून रस्ता काढावा की नाही हा तंटा कित्येक वर्षे चालू आहे. कारण किंग कोव्ह या गावच्या आजारी माणसाला वादळी हवेत कोल्ड बेच्या मोठ्या धावपट्टीपर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न खोटा नाही.

ब्रँट आपल्याकडे येत नाही. पण सायबेरियाच्या टुंड्रावर अंडी घालणारे बाकचोच तुतारी आणि छोटा टिलवा हे चिमुकले पक्षी दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीच्या चिखलावर उतरतात, आणि त्यांचेही वर्ष असेच मोजक्या जागांवर टांगलेले असते. तैमिर द्वीपकल्पावर ज्या साली लेमिंग नावाचे उंदीर कमी होतात, त्या साली कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांवर तुटून पडतात, आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या चिखलावर पहिल्या वर्षाची पिले तुरळक दिसतात. २०२२ साली ठाण्याची खाडीही रामसर यादीत आली. तेथे आता भराव कोठवर टाकायचा आणि सांडपाणी कोठे सोडायचे, हे ठरवणारे खाते मात्र आपलेच आहे, आणि तेथे तक्रार करण्यास कोणत्याही तहाची आवश्यकता नाही.