नाव गाळून लिहिलेलं गाणं

गोंडांच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेत धनेगावहून कचारगडच्या गुहेकडे चालू लागलं की भोंग्यांवरून नावंच नावं कानावर येतात. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड, काली कंकाली. गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना बाहेर काढण्यासाठी किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर. देवाचं गाणं नावांवरच उभं असतं. परधान गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं: यजमानाच्या दारी जायचं, बाना वाजवायचा, कुळं आणि देव म्हणायचे. नाव चुकलं तर गाणं चुकलं.

मला भेटलेला गाणेवाला यात्रेसाठी अशी गाणी करतो. पोट मात्र त्याचं लग्नसराईवर चालतं. तिथे मागणी 'धोक्या'च्या गाण्यांना. नवरदेवाची वरात, पुढे धुमाल, आणि त्यावर सोडून गेलेल्या बायकोचं गाणं! पोरं हात वर करून नाचतात. मांडवातल्या एकाही म्हाताऱ्याला ते अशुभ वाटत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

गाणं करायला बसला की तो शब्दांना शेवटी हात लावतो. आधी कीबोर्डवर ठेका लावायचा, तो नाचण्याजोगा आहे का ते पाय हलवून पाहायचं. मग धून गुणगुणत मोबाइलवर भरून ठेवायची. मुखडा चार शब्दांचा, कारण वरातीत त्याहून जास्त कुणी ऐकत नाही. तिसरा अंतरा लिहितो आणि बहुतेकदा स्वतःच कापतो.

शब्द आले ते वहीत, छत्तीसगढी-मराठीच्या मिश्रणात. पहिल्या खर्ड्यात एका आठवडी बाजाराचं नाव होतं, हिरवी साडी होती, कडेवरचं लेकरू होतं. त्याने बाजार खोडून 'शहर' केलं. लेकरू काढलं. साडी ठेवली, हिरवी साडी घरोघरी असते. मला वाईट वाटलं. जिवंत होतं तेवढंच गेलं होतं.

"बाजाराचं नाव काहून काढलं?"

"नाव ठेवलं तं थे कोण हाय, हे तीन गावांले समजते जी. आता थे दुसऱ्या घरी नांदते."

शहरातले लोक या गाण्यांना पोकळ म्हणतात. मीही म्हणत असे. बेवफा, धोका, कोर्ट, कागद: सगळं सिनेमातून उचललेलं. त्यातलं कोर्ट तर इथे खोटंच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली नसेल तर तो अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंडांमधली काडीमोड रूढीने होते, समाजाच्या पंचांसमोर; देज, म्हणजे वधूमूल्य, परत करायचं का, किती, यावर बोलणी चालतात. खरं नाट्य तिथे आहे. पण तिथले पंच उद्या त्याच वरातीत पहिल्या रांगेत असतात. गाण्यातल्या कोर्टात मात्र ओळखीचं कुणीच बसलेलं नसतं.

गायिका अडेलचा '३०' हा २०२१चा अल्बम तिच्या घटस्फोटातून आला, हे जगाला माहीत आहे आणि त्या माहितीनेच लोक तो कान देऊन ऐकतात. तिला ते परवडतं. इथे, सालेकशाच्या टापूत, गाण्यातली बाई चार कोसांवर राहत असते आणि तिला उद्या त्याच बाजारात जायचं असतं.

बाईच्या बाजूचा अंतरा गाणारी मुलगी ठरलेल्या पैशावर येते. कागद वाचून तिने एका ओळीवर बोट ठेवलं: ती पैशासाठी गेली, अशी ओळ. "हे मी नाई म्हणत." गाणेवाला म्हणाला, लोकांना तेच आवडतं. ती बोट उचलेना. शेवटी ओळ बदलली: ती गेली, एवढंच राहिलं. मात्रा भरायला 'गेली' तीनदा आलं. तिने ते तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटलं: पहिलं सरळ, दुसरं जरा चढं, तिसऱ्याला आवाज सोडूनच दिला. यंत्रावर सूर घासूनपुसून घ्यायची तिथे चाल आहे. तेवढी जागा त्याने तशीच ठेवली.

पुढे एका वरातीत ते वाजलं. पोरं 'गेली'वर तीन उड्या मारत होती. बाजूला उभ्या असलेल्या एका आजीने गाणेवाल्याला हाताने ओढून विचारलं, "कोणाचं हाय रे हे?"

"सिनेमातलं हाय, आजी," तो म्हणाला आणि आवाज वाढवायला गाडीकडे गेला.