पाचारण की पलायन?

श्रीदत्तजयंतीचा उत्सव जवळ आला की घरोघरी श्रीगुरुचरित्राचे पारायण सुरू होते. चौरंगावर पोथी विराजमान होते, समई तेवत राहते, वाचक व्रतस्थपणे सात दिवस घालवितो आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस सायंकाळी जन्मकाळ होऊन सुंठवडा वाटला जातो. या दिवसांत मन निवळते. निवळलेल्या मनात पुष्कळांच्या एक विचार डोकावतो : ही नोकरी, हा संसार, ही रोजची ओढाताण पुरे झाली, सर्व टाकून गाणगापुरास किंवा गिरनारावर जाऊन बसावे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना आम्हांस वारंवार विचारला जाणारा प्रश्न हाच. "बुवा, हे देवाचे बोलावणे समजावे, की आमच्या थकव्याचे?"

प्रश्न लहान नाही. एका जीवाचे अवघे आयुष्य, एखाद्या मातेचे म्हातारपण आणि कधी कधी दोन घरांचे सुख त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून संन्याशांचे आराध्य दैवत जे श्रीदत्तात्रेय, त्यांच्या उत्सवाच्या दिवशी याच प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

एटापल्लीतील प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या सागवानी अरण्यातून पुढे गेले की एटापल्ली लागते. माडिया गोंडांचा हा मुलूख. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आतील खेडी तुटतात. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर घरे चालतात. अलीकडे सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारींची वर्दळ वाढली आहे. काही वर्षांपूर्वी तेथे नामसप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. श्रोत्यांत मागे एक तरुण आरोग्यसेविका येऊन बसे. तिसऱ्या दिवशी कीर्तन संपल्यावर ती पुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "महाराज, मी वसईकडची. कॅथलिक आहे. एक विचारले तर चालेल ना?"

आम्ही म्हटले, "विचार बाळ. देवाच्या दारात कसला संकोच?"

ती म्हणाली, "मला सिस्टर व्हावेसे वाटते. पण घरी आई आजारी असते. भावाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज माझ्या पगारातून फिटते. रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी निघावे लागते. दमून खोलीवर येते, प्रार्थनेला बसते आणि वाटते, प्रभू बोलावतो आहे. मग मनात येते, तो बोलावतो आहे, की मीच पळते आहे?"

आम्ही तिला इतकेच सांगितले की, ज्याला हा शेवटचा प्रश्न पडतो त्याचा विवेक जागा असतो. ज्याला तो पडत नाही, त्याचीच काळजी अधिक. घाई न करता तिच्या धर्मातील जाणत्या गुरूंचा सल्ला घ्यावा, असेही सुचविले. तथापि प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ख्रिस्ती परंपरेत याची पारख कशी करतात, हे आम्ही पुढे एका वृद्ध धर्मगुरूंकडून आणि ग्रंथांवरून समजून घेतले. अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी आहे, कुरर पक्षी आहे, बाण घडविणारा कारागीर आहे आणि पिंगला नावाची गणिकाही आहे. ज्याच्यापाशी जे घेण्यासारखे असेल ते घ्यावे, हीच दत्तसंप्रदायाची शिकवण. स्वधर्मात दृढ राहून दुसऱ्याच्या घरचा दिवा पाहिल्याने आपला दिवा मंदावत नाही.

वैराग्याचे प्रकार

आपल्या शास्त्रकारांनी वैराग्याची चिकित्सा बारकाईने केली आहे. स्मशानवैराग्य, प्रसूतिवैराग्य आणि पुराणवैराग्य ही तिन्ही क्षणजीवी मानली जातात. चिता पेटली असता, प्रसूतीच्या कळा सोसताना आणि पुराण ऐकताना संसार नकोसा वाटतो; घरी परतले, बाळाचे मुख पाहिले, की तो पुन्हा गोड होतो. यांतील तिसऱ्यास आम्ही कीर्तनकार कारणीभूत, हे येथे हसून मान्य करतो! विद्यारण्यस्वामींनी 'जीवन्मुक्तिविवेक' या ग्रंथात वैराग्याच्या मंद, तीव्र आणि तीव्रतर अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. पुत्र, पत्नी वा धन यांचा नाश झाल्याने आलेला उबग त्यांनी मंद ठरविला. हानीतून जन्मलेली विरक्ती हानी विसरताच ओसरते, हा त्याचा भाव.

आता कॅथलिक परंपरा पाहू. व्रतस्थ जीवनाकडे ओढणाऱ्या आंतरिक हाकेस मराठी ख्रिस्ती लोक 'पाचारण' म्हणतात. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही त्या जीवनाची तीन व्रते. या पाचारणाची पारख करण्याची एक प्रसिद्ध रीत स्पेनमधील संत इग्नेशियस यांनी घालून दिली. हा मूळचा तलवारबहाद्दर. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि लोयोला येथील घरी अंथरुणास खिळला. करमणुकीसाठी शौर्याच्या कथा मागितल्या, तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच पुस्तके निघाली. पडल्या पडल्या त्याच्या मनात दोन प्रकारची स्वप्ने येत. एक दरबाराचे, पराक्रमाचे. दुसरे संतांप्रमाणे सर्वत्याग करण्याचे. दोन्ही रंगविताना आनंद होई. पण पहिले ओसरले की मन कोरडे पडे. दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता टिके. एवढ्या एका निरीक्षणातून त्याने विवेकाचे शास्त्र उभारले. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास पोपची मान्यता १५४८ साली मिळाली.

त्यातील एक नियम प्रत्येक घराने ध्यानी धरावा असा आहे : मन खिन्न, कोरडे वा अस्वस्थ असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. शांत मनाने जे ठरविले त्यास त्या काळात धरून राहावे. निर्णयासाठी आणखी दोन कसोट्या तो देतो. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर आपण त्यास काय सल्ला देऊ? आणि मृत्युशय्येवर असताना, आपण आज काय निवडले असते तर बरे झाले असते, असे वाटेल? दोन्ही कसोट्यांत माणूस क्षणभर स्वतःच्या शिणापासून दूर उभा राहतो, आणि साक्षीभाव म्हणतात तो याहून फार निराळा नव्हे.

वसईचा गोन्सालो

त्या आरोग्यसेविकेच्याच वसईत या पारखेचे जिवंत आख्यान घडले आहे. सुमारे १५५६ साली पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. जेझुइट पाद्र्यांपाशी शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथील भाषा अशी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे राबला. जेझुइट संघात व्रतस्थ होण्याची त्याची तळमळ होती. ती विनंती काही मान्य झाली नाही.

येथे सामान्य माणूस कडवट झाला असता. गोन्सालो व्यापारात शिरला, कष्टाने त्यात यशस्वी झाला. हिशेब, गलबते, देणी-घेणी यांत दिवस जाऊ लागले. परंतु पैसा आला, प्रतिष्ठा आली, तरी ती हाक थांबेना. हीच खरी खूण! अपयशात वैराग्य कोणासही येते. भरभराटीतही जे टिकते ते वेगळे. व्यापारानिमित्त मनिला येथे जाणे होई. अखेर तेथील फ्रान्सिस्कन संघात त्याने व्रत घेतले, तेही पुरोहित म्हणून नव्हे, तर साधा सेवक-बंधू म्हणून. पुढे १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी होऊन तो पुन्हा जपानला गेला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याचा कोप होऊन १५९६ च्या डिसेंबरात अटक झाली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली त्यास संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा पहिला कॅथलिक संत.

अगदी निकटच्या काळातले उदाहरण मदर तेरेसांचे. कलकत्त्यात शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या या भगिनीस १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत दरिद्री लोकांत जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. म्हणून त्या गाडीतून उतरून तशाच वस्तीत गेल्या नाहीत. वरिष्ठांस कळविले, परवानगी मागितली, वाट पाहिली. मठाबाहेर पाऊल पडले ते १९४८ च्या ऑगस्टमध्ये. हाक खरी असेल तर ती दोन वर्षे थांबू शकते.

आईवडिलांचे ऋण

चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा या जिल्ह्यांत कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत आहे. केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या या मिशन-प्रांताची स्थापना १९६२ साली झाली आणि १९७७ साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला; त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूर. अशा प्रांतातील मठांत असो वा वसईकडील संघांत, 'मला हाक आली' एवढे म्हणून कोणास व्रत मिळत नाही. सतरा वर्षांखालील कोणास नवदीक्षेचा काळ सुरू करता येत नाही. तो काळ किमान एक वर्षाचा. नंतरची व्रते तीन ते सहा वर्षांच्या मुदतीची. आजन्म व्रत त्याच्याही पुढे. बळजबरी, भीती वा फसवणूक यांमुळे झालेला प्रवेश रद्दबातल ठरतो. १९८३ च्या लॅटिन धर्मसंहितेप्रमाणे फेडता न येणारे कर्ज डोक्यावर असलेल्यास घेऊ नये. पौर्वात्य चर्चसाठी १९९० साली निघालेल्या संहितेत तर असेही आहे की, आईवडील किंवा आजीआजोबा गंभीर अडचणीत असून ज्याच्या आधारावर असतील, त्यास त्यांची अन्य सोय झाल्यावाचून प्रवेश देऊ नये.

हे वाचताच आम्हांस कारंज्याच्या नरहरीचे स्मरण झाले. श्रीगुरुचरित्राचे वाचक जाणतातच. मुंज होताच नरहरी तीर्थयात्रेस निघाला, तेव्हा अंबामातेने टाहो फोडला. साक्षात दत्तावतार तो, पण मातेचे अश्रू ओलांडून गेला नाही. तिला पुत्र होतील असे आश्वासन दिले, घरी राहिला, जुळी भावंडे झाल्यावर तिची आज्ञा घेऊन मगच काशीची वाट धरली, तेच श्रीनृसिंहसरस्वती. याच्या उलट, आपेगावच्या विठ्ठलपंतांनी पत्नीची मनापासून संमती नसताना संन्यास घेतला. गुरूंस कळताच त्यांनी परत पाठविले. पुढे त्या दांपत्याने आणि चार लेकरांनी जे भोगले, ते ऐकताना आजही श्रोत्यांचे डोळे पाणावतात. त्या दुःखातून ज्ञानोबा माउली महाराष्ट्रास लाभली ही ईश्वराची करुणा. त्यामुळे घाईचे समर्थन होत नाही.

घरच्यांनी काय करावे?

मुलगा वा मुलगी 'सर्व सोडावेसे वाटते' असे म्हणाली तर आकांत करू नये, थट्टाही करू नये. प्रथम तिला झोप, अन्न आणि विसावा द्यावा. ओझे वाटून घ्यावे. कित्येकदा एवढ्याने वैराग्य विरते, आणि मग तो शीणच होता हे कळते. दुःख खोल असेल तर वैद्याचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. विसाव्यानंतरही ओढ कायम राहिली, कर्तव्य करताना ती आड न येता उलट हातांस बळ देऊ लागली, तर मात्र तिचा मान राखावा आणि जाणत्या सत्पुरुषाकडे न्यावे. तो वाट पाहावयास सांगेल. वाट पाहण्यात काही बुडत नाही.

एटापल्लीच्या त्या मुलीचा निरोप पुढे एका ओळखीच्या गुरुजींकडून आला. आईवर उपचार झाले आहेत, कर्जाचे थोडेच हप्ते उरले आहेत, ती अजून खेड्यांतून फिरते आहे. निरोपाचा शेवट असा : "महाराजांना सांगा, आता कामाचा त्रास वाटत नाही, तरीही हाक येतेच."

पळून जाणाऱ्याच्या पाठीमागे काहीतरी लागलेले असते. बोलावलेल्याच्या पुढे कोणीतरी उभा असतो. कोण मागे आणि कोण पुढे, हे ओळखण्याचा विवेक श्रीगुरूंनी सर्वांस द्यावा, हीच आजच्या पुण्यपर्वावर त्यांच्या चरणी प्रार्थना. ॥ श्रीगुरुदेव दत्त ॥