उंची म्हणजे वाढ नव्हे

बालरोगतज्ज्ञाचा निम्मा दिवस मोजमापात जातो. बाळाचे वजन, उंची, डोक्याचा घेर यांची नोंद करायची, वाढीच्या तक्त्यावर ठिपका ठेवायचा आणि मूल नुसते उंच होणे म्हणजे वाढणे नव्हे, हे आईवडिलांना समजावून सांगायचे. पंचवीस वर्षे हे वाक्य मी इतरांना ऐकवीत आलो. माझ्याच दवाखान्यातील एका कुंडीच्या बाबतीत मात्र मला ते आठवले नाही.

ती कुंडी जेडची होती. आई गेल्यानंतर जुन्या घराच्या अंगणातून मी ती आणली आणि तपासणीच्या खोलीत कपाटावर ठेवली. वर्षभरात रोप हातभर उंच झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी ते कौतुकाने दाखवीत असे. एके दिवशी तापाने आलेल्या सात वर्षांच्या एका मुलीने त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि विचारले, ‘‘डॉक्टर अंकल, यह पौधा बीमार है क्या? खड़ा नहीं हो पा रहा।’’ तेव्हा मी प्रथमच ते रोप नीट पाहिले. खोड बारीक, पाने फिकट आणि विरळ, सारा डोलारा खिडकीकडे कललेला. निदान त्या मुलीने केले होते.

रोप लांबते का?

हा रोग नव्हे. ही प्रकाशाची उपासमार होय. नवरात्रात देवघरातील घटाभोवती उगवलेले गव्हाचे कोंब आपण सर्वांनी पाहिले आहेत. मंद उजेडात ते पिवळे आणि लांबसडक होतात. तेच गहू उन्हात पेरले तर हिरवे आणि आखूड राहतात. प्रकाश कमी पडला की वनस्पती पाने भरदार करण्याचे काम मागे ठेवते आणि आपली शक्ती उजेडाच्या शोधात खोड लांबविण्यावर खर्च करते. कोंबाचे टोक झाकले तर तो प्रकाशाकडे वळत नाही, हे चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले. टोकाकडून खाली जाणारा हा संदेश म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. सावलीच्या बाजूला ऑक्सिन अधिक जमते, ती बाजू अधिक लांबते आणि रोप उजेडाकडे झुकते.

आपल्या उज्जैनमध्ये याला सूर्याच्या भ्रमणाचीही जोड आहे. कर्कवृत्त येथून जवळच असल्याने २१ जूनच्या सुमारास वेधशाळेत मध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होते. सूर्य डोक्यावर असताना दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो तेव्हा तेच ऊन खोलीत दूरवर पोहोचते. त्यातच जूननंतर आभाळ भरलेले, हवा उबदार आणि पाणी भरपूर. म्हणूनच घरात ठेवलेली रोपे पावसाळ्यात सर्वाधिक लांबतात.

माझी चूक

उपाय समजला, पण धीर नव्हता. ऐन श्रावणात मी शेंडा कापला, लगेच शेतातल्या काळ्या मातीत खोचला आणि रोज पाणी घालण्याची ताकीद मदतनिसाला दिली. आठ दिवसांत फांदी काळी पडून कुजली. आईच्या झाडाचे केवळ बोडके खोड उरले. ते टाकून देण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला ठेवले.

कुजण्याचे कारण या वनस्पतींच्या स्वभावात आहे. जेड, एचेव्हेरिया, सेडम, कोरफड, पानफुटी या मांसल पानांच्या वनस्पती, म्हणजेच सक्युलंट, पाणी पानांत साठवितात. त्यांतील बहुतेकांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरला जातो. याची एक आरंभीची चाहूल भारतात लागली. येथे राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली. ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, ही त्यांची नोंद १८१५ साली प्रसिद्ध झाली. इतक्या काटकसरीने जगणाऱ्या रोपाला रोजचे पाणी म्हणजे अतिसेवनच. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ताज्या जखमेतून बुरशी आत शिरते.

योग्य पद्धत

आपल्याकडे यासाठी दोन ऋतू उत्तम: पाऊस सरल्यावर ऑक्टोबर, आणि फेब्रुवारी ते मार्चचा आरंभ. लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. कापणे हाच मार्ग आहे.

स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने शेंडा बोटभर खोडासह कापावा. खालची पाने काढावीत आणि फांदी सावलीत चार ते सात दिवस कोरडी ठेवावी. जखमेवर खपली धरली की मगच लावावी. मिश्रणात बागेची माती, धुतलेली भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे समभाग घ्यावेत, खत नाममात्र. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली. लावल्यानंतर आठवडाभर पाणी नको. नंतरही माती पूर्ण सुकल्यावरच घालावे. साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात.

जेड, सेडम, एचेव्हेरिया यांची पानेही रुजतात, मात्र पान देठाच्या टोकापासून अखंड निघाले पाहिजे. सुक्या मिश्रणावर ते नुसते ठेवावे. काही आठवड्यांत बारीक मुळे आणि चिमुकले रोप दिसते. मूळ पान सुकून गळेपर्यंत तोडू नये. कोरफडीचे पान मात्र रुजत नाही. तिची बाजूची पिल्ले वेगळी करावीत.

कुंडी बदलताना नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटेच मोठी असावी. सावलीतील रोप एकदम उन्हात ठेवल्यास पाने भाजतात आणि ते डाग जात नाहीत. दोन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवावे.

एक वैद्यकीय इशारा. शेर आणि अन्य युफोर्बियांचा दुधी चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. डोळे भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पानफुटीत हृदयावर डिजिटॅलिससारखा परिणाम करणारी द्रव्ये असतात. मुतखड्यावर ती घरोघरी खाल्ली जाते; निदान मुलांना तरी देऊ नये. हाइनेसाहेबांचा प्रयोगही पुन्हा करू नये.

बोडक्या खोडाचे काय झाले?

शेंडा असतो तोवर त्याचे ऑक्सिन खालच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की त्या जाग्या होतात. गच्चीवर टाकलेल्या त्या खोडाला कोणी पाणी घातले नाही, कोणी हलविले नाही. दसऱ्याच्या सुमारास पाहतो तो पेरावर दोन हिरवे ठिपके! साध्या सर्दीतापाला औषध न देता थांबा, असे मी रोज सांगतो. माझ्या हातून मात्र ते थांबणे केवळ विस्मरणामुळे घडले.

आज ते झाड पूर्वीपेक्षा बुटके आहे, पण स्वतःच्या बळावर उभे आहे. त्याच्या फांद्यांपासून झालेली पहिली कुंडी इंदूरला बहिणीकडे गेली आणि दुसरी त्या निदान करणाऱ्या मुलीकडे. सभासद बंधुभगिनींपैकी कोणास फांदी हवी असल्यास फेब्रुवारीत अवश्य यावे. कुंडी मात्र आपली आणावी, आणि तिला भोक असावे.