उपसागराच्या खात्यावर

१० ऑगस्ट १९७९ची सकाळ. श्रीहरिकोटाच्या तळावरून २२ मीटर उंचीचं, १७ टन वजनाचं एसएलव्ही-३ रॉकेट उडालं. पहिल्या टप्प्याने काम चोख केलं, दुसऱ्याने मान टाकली, आणि ३१७ सेकंदांत सगळा डोलारा बंगालच्या उपसागरात गेला. चौकशीत निघालेलं कारण ऐकायला किरकोळ होतं. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला होता. त्यातून नायट्रिक आम्ल आधीच गळून गेलं आणि ऐन गरजेच्या वेळी टाकीत काही उरलं नव्हतं. वॉशर गेलेल्या नळाची तक्रार आणि ही तक्रार, जातकुळी एकच. फक्त इथे दुरुस्तीला दुसरी संधी नव्हती.

त्या दिवशीची पत्रकार परिषद आता दंतकथेसारखी सांगितली जाते. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८०ला त्याच एसएलव्हीने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा धवनांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं. पुढे कलामांनी हा किस्सा इतक्या व्यासपीठांवरून सांगितला की शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांनाही तो पाठ झाला. मधल्या अकरा महिन्यांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. समुद्रात गेलेल्या वस्तूचा पंचनामा करायचा तर हाताशी काय असतं? रॉकेटने पडता पडता जमिनीकडे धाडलेले आकडे, तेवढेच. त्या आकड्यांवरून एक अडकलेला व्हॉल्व्ह हुडकून काढणं हे त्या अकरा महिन्यांचं खरं काम होतं.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा इतिहास सहसा टाळ्यांच्या क्रमाने लिहिला जातो: आर्यभट, इन्सॅट, चंद्र, मंगळ, पुन्हा चंद्र. याच इतिहासाची दुसरी एक वही उपसागराच्या नावावर आहे, आणि वाचायला ती जास्त रंजक आहे.

सगळं समुद्रातच का पडतं, याचं उत्तर जागेच्या निवडीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला उडणाऱ्या रॉकेटला फुकटचा रेटा मिळतो. आणि पूर्वेला मोकळं पाणी असलं तर पडझडीने कुणाच्या जिवाला धोका नसतो. पुलिकत सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये आडवं पसरलेलं आंध्रातलं श्रीहरिकोटा बेट या दोन्ही अटींत बसलं. ९ ऑक्टोबर १९७१ला तिथून पहिलं छोटं रोहिणी रॉकेट उडालं. त्याआधीचा तळ म्हणजे केरळातलं थुंबा. ते निवडलं गेलं वेगळ्या कारणासाठी. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं, आणि २१ नोव्हेंबर १९६३ला उडालेलं अमेरिकी बनावटीचं नाइके-अपाचे वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला गेलं होतं. थुंबाची जागा हेरण्यात विक्रम साराभाईंचे सहकारी एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. ते मूळ कोल्हापूरचे. पुढे १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा जो ‘साइट’ प्रयोग झाला, त्याची धुराही त्यांनीच वाहिली. त्या प्रयोगाचा उपग्रह अमेरिकेकडून वर्षभर उसना घेतला होता.

थुंबाचं नाव निघालं की सायकलवरून रॉकेटचं टोक नेणाऱ्या माणसाचं छायाचित्र येतं, आणि त्याच्या जोडीला बैलगाडीवर ठेवलेला ‘अ‍ॅपल’ उपग्रह. दोन्हींकडे बघून आपण गहिवरतो: गरीब देश, मोठं स्वप्न. सायकलीपुरतं ते ठीक आहे. बैलगाडीची गोष्ट मात्र गरिबीची नाहीच. १९८१मध्ये अ‍ॅपलच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि ट्रकच्या लोखंडी सांगाड्याने संदेशात गडबड झाली असती. लाकडी गाडी हे त्यावरचं विचारपूर्वक काढलेलं उत्तर होतं. बैलांना अर्थात त्याचं काही सुखदुःख नसावं.

एसएलव्हीनंतर आलेल्या एएसएलव्हीने उपसागराची वही भराभर भरली. २४ मार्च १९८७ला बाजूला जोडलेली रॉकेटं विझल्यावर मधला टप्पा पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ला रॉकेटचा तोल गेला आणि तेही पाण्यात. ‘एसएलव्ही म्हणजे सी लव्हिंग व्हेइकल’ अशी थट्टा तेव्हा चालायची. यश यायला मे १९९२ उजाडलं. मग २० सप्टेंबर १९९३ला पीएसएलव्ही या पुढच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. इंजिनं चालली, टप्पे पेटले, आणि तरीही आयआरएस-१ई उपग्रह समुद्रात गेला. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला अपेक्षेपेक्षा मोठा हिसका बसला होता. तो सावरण्याची सूचना देणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत एक चूक दडलेली होती: एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावला नाही. शेकडो टनांचं रॉकेट एका न मावलेल्या आकड्याने बुडालं.

१५ ऑक्टोबर १९९४ला ते पुन्हा उडालं, आणि इस्रोचा हा वारू मग वर्षानुवर्षं थांबला नाही. २००८चं चांद्रयान, २०१३चं मंगळयान याच्याच पाठीवरून गेलं. १५ फेब्रुवारी २०१७ला एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडून त्याने जगाला तोंडात बोट घालायला लावलं. त्यातले ८८ एका अमेरिकी कंपनीचे इवलेसे ‘डव्ह’ होते हे सांगितलं की आकड्याची झिंग थोडी उतरते, पण एवढी पाखरं एकमेकांवर न आदळता सोडणं हे खरोखरच कसबाचं काम. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून २०१६ला, पीएसएलव्हीने सोडलेल्या वीस उपग्रहांत जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी तो बनवला होता. त्याच सप्टेंबरात मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ गेला.

ज्याच्यावर इतका भरवसा, तोही कधी तरी दगा देतो. ३१ ऑगस्ट २०१७ला सगळे टप्पे बिनचूक चालले, पण उपग्रहावरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. कवचाचं सुमारे टनभर जादा ओझं वाहत रॉकेट कमी वेगाने वर पोहोचलं, आणि आयआरएनएसएस-१एच आतल्या आत बंद पाकिटातल्या पत्रासारखा राहिला. हे अपयश उपसागराच्या वहीत बसत नाही. ते वरच घिरट्या घालत राहिलं.

पण या वहीची सर्वांत जाड पानं आहेत जीएसएलव्ही या आणखी ताकदवान रॉकेटची. इस्रोतली माणसं त्याला ‘व्रात्य पोर’ म्हणत आली आहेत, आणि त्यात लाडापेक्षा वैताग जास्त. दळणवळणाचे जड उपग्रह ३६,००० किलोमीटरवर न्यायचे तर क्रायोजेनिक इंजिन लागतं: उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन, उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन, आणि त्यांच्या शेजारीच धगधगती ज्वाला. हे तंत्र रशियाच्या ग्लावकॉसमॉसकडून घेण्याचा करार १९९१मध्ये झाला. अमेरिकेने क्षेपणास्त्रांचं कारण पुढे करून निर्बंध घातले, आणि १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञानाऐवजी तयार टप्पे देण्यावर तडजोड केली. बांधायची विद्या राहिली तिकडेच. ती स्वतः कमवायला भारताला जवळपास दोन दशकं लागली.

१५ एप्रिल २०१०ला स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा पहिल्यांदा उडाला. इंजिन पेटलं, पण हायड्रोजन पुढे ढकलणारा पंप फिरायला लागून लगेच बंद पडला. रॉकेट गेलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी रशियन टप्पा लावून दुसरा प्रयत्न झाला. पाऊण मिनिटाच्या आसपास, वरून खाली सूचना नेणाऱ्या वायरींचे जोड वेळेआधीच सुटले. भरकटलेलं रॉकेट नियंत्रकांना स्वतःच उडवून द्यावं लागलं. आठ महिन्यांत दोन. पुढची तीन वर्षं इस्रोने हे पोर घरातच ठेवलं.

१९ ऑगस्ट २०१३ला ते पुन्हा तळावर आलं. उलटगणती चालू होती, इंधन भरलं जात होतं. उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून गळती होत असल्याचं लक्षात आलं आणि उड्डाण थांबवलं गेलं. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसून हे पाहणाऱ्याला तो विरस वाटला असेल. पण १९७९ आणि २०१३ यांतला फरक त्या ७४ मिनिटांत आहे. गळती तेव्हाही होती, आताही होती. आता ती जमिनीवर असतानाच सापडली. टप्पा बदलला, टाकीचा मिश्रधातू बदलला, आणि ५ जानेवारी २०१४ला जीसॅट-१४ कक्षेत पोहोचला. खोडी संपली असं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये हायड्रोजनच्या टाकीचा एक व्हॉल्व्ह गळला आणि क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही. पण ३० जुलै २०२५ला नासा आणि इस्रो यांचा २,३९२ किलोचा ‘निसार’ याच पोराने अलगद वर ठेवला.

ही रॉकेटं बनतात कुठे, याच्या उत्तरात महाराष्ट्रातली दोन ठिकाणं येतात. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं आणि क्रायोजेनिक इंजिनाचे भाग घडतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, जिथे वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला आणि पुढे त्याची यंत्रसामग्री बनू लागली, तिथे रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचं बनतात. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे जवळपास १३९ टन घन इंधन पोटात घेणारं, २.८ मीटर व्यासाचं नळकांडं. उसाच्या पट्ट्यातून निघालेली ही पोकळ कवचं श्रीहरिकोटाला इंधन भरून एकावर एक रचली जातात. त्या घन इंधनामागचं एक मोठं नाव पुण्याचं: वसंत गोवारीकर. मराठी वाचक त्यांना मॉन्सूनचं भाकीत सांगणारे म्हणून ओळखतो. १९८०चं एसएलव्ही यशस्वी झालं तेव्हा तिरुवनंतपुरमच्या साराभाई केंद्राचे संचालक तेच होते.

एवढी उस्तवार कशासाठी, हा प्रश्न साराभाईंनाही विचारला जात होता. त्याचं उत्तर चंद्रावर शोधण्याची गरज नाही, ओडिशाचा किनारा पुरे. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३मध्ये फायलिन आलं तेव्हा लाखोंना आधीच हलवलेलं होतं आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. श्रेय एकट्या उपग्रहांचं नाही. रस्ते, निवारे, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंतची माणसं, सगळ्यांचं आहे. पण वादळ कुठे आहे हे ढगांच्या वरून पाहणारा डोळा नसता तर हलवायचं कुणाला आणि केव्हा हेच कळलं नसतं. कोकणातल्या बंदरांवर मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची जी माहिती येते, तीही उपग्रहांवरूनच. पाण्याचं तापमान आणि शेवाळाचा हिरवा रंग वरून मोजायचा, हैदराबादच्या केंद्रात त्याचे नकाशे करायचे, आणि रत्नागिरीच्या तांडेलाला दिशा आणि अंतर सांगायचं. ज्या समुद्राने इतकी रॉकेटं गिळली, त्याच्याच पोटातलं हे असं कळू लागलं.

एक मोठं अपयश मात्र या समुद्राच्या खात्यावर नाही. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इंजिनांनी हिशेबापेक्षा जास्त जोर लावला, यानाला हवं तितक्या चटकन वळता आलं नाही, आणि उतरायची जागाही ५०० मीटर लांबरुंद एवढीच ठरवलेली होती. दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, तसं पुढचं यान रचलं गेलं. काय काय बिघडू शकेल याची यादी करून प्रत्येकावर उतारा: उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर, पाय जास्त भक्कम, इंधन जास्त, पाचाऐवजी चार इंजिनं. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांत २०१९चाही वाटा होता.

अशा वेळी मे २०२५ची गोष्ट बोचते. १८ मेच्या पहाटे पीएसएलव्ही-सी६१ने ईओएस-०९ हा रडार उपग्रह घेऊन उड्डाण केलं. दोन टप्पे ठीक गेले. तिसऱ्या, म्हणजे घन इंधनाच्या टप्प्यात दाब कमी झाला आणि मोहीम फसली. समिती नेमली गेली. पण हा अंक छापायला जाईपर्यंत तरी तिचा सविस्तर अहवाल लोकांसमोर आलेला नाही. २०१०चा बंद पडलेला पंप किंवा त्या वर्षीचे सुटलेले जोड याबद्दल सामान्य वाचकालाही तपशील कळला होता. ज्या संस्थेची पत आपली चूक चारचौघांत वाचून दाखवण्यावर उभी राहिली, तिने आता ताकाला जाऊन भांडं लपवावं, हे पटणारं नाही. खासगी कंपन्यांना रॉकेटं बांधायला देण्याच्या काळात तर ते मुळीच पटत नाही. पुढे ही रॉकेटं बांधणाऱ्याला तिसऱ्या टप्प्याचं काय झालं हे कळायला नको?

उड्डाण फसो वा साधो, समुद्राला त्याचा वाटा मिळतोच. पहिला टप्पा जळून झाला की वालचंदनगरचं पोलाद पाण्यातच पडतं. म्हणून उड्डाणाच्या दिवशी पुलिकतच्या कोळ्यांना होड्या काढायला मनाई असते. आणि क्वचित समुद्र आपल्या वाट्यातलं काही परतही देतो. जुलै २०२३मध्ये, चांद्रयान-३ नुकतंच उडालेलं असताना, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर तांबूस रंगाचं, माणसाहून उंच, शिंपल्यांच्या थराने माखलेलं एक नळकांडं वाहून आलं. पोलिसांनी आधी पहारा बसवला, लोकांना दूर ठेवलं, आत काही विषारी आहे का ते तपासलं. कुणी बेपत्ता विमानाचा भाग म्हणालं, कुणी चांद्रयानाचा. महिनाअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने खुलासा केला: तो पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा होता.